थ्रेड : कोरड्या तोंडापासून लिम्फोमापर्यंत – एका ‘सौम्य’ गाठीचा इतिहास

१.
पनवेल तालुक्याच्या नकाशावर एका बाजूला खाडीकाठचे गव्हाण आहे, तर दुसऱ्या बाजूला खारघर. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था ‘ॲक्ट्रेक’ उभी आहे. लसीका पेशींच्या कर्करोगावर, म्हणजे लिम्फोमावर, तेथे उपचार होतात आणि संशोधनही होते. या कर्करोगाचा एक प्रकार लाळग्रंथीत उद्भवतो आणि त्याची पूर्वपीठिका अनेकदा वर्षानुवर्षांच्या साध्या कोरडेपणात असते. हा संबंध माणसाच्या ध्यानात यायला सुमारे ९० वर्षे लागली. ती ९० वर्षे हा या थ्रेडचा विषय आहे.

२.
गव्हाणसारख्या गावातील एखाद्या पन्नाशीच्या स्त्रीची कल्पना करावी. तांदळाच्या भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय तिच्या घशाखाली उतरत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. दात एकामागून एक किडतात, बोटांचे सांधे सकाळी आखडतात. डोळ्यांसाठी ती एका डॉक्टरकडे जाते, दातांसाठी दुसऱ्याकडे, सांध्यांसाठी तिसऱ्याकडे. या तिन्ही तक्रारी एकाच आजाराच्या आहेत, हे कोणी सांगायचे? वैद्यकाच्या इतिहासातही नेमका हाच प्रश्न पडला होता.

३.
सुरुवात १८८८ सालापासून. प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी वैद्यांच्या सभेपुढे एका ४२ वर्षांच्या शेतकऱ्याची हकीकत मांडली. त्याच्या दोन्ही बाजूंच्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी फुगल्या होत्या. वेदना नव्हती, पण सूज उतरत नव्हती. मिकुलिच हे थिओडोर बिलरोथ यांचे शिष्य. १८९२ मध्ये गुरूंच्या गौरवग्रंथात त्यांनी हे प्रकरण सविस्तर प्रसिद्ध केले आणि या विकाराला पुढे त्यांचेच नाव चिकटले.

४.
योगायोग असा की, त्याच १८८८ साली लंडनमध्ये डब्ल्यू. बी. हॅडन यांनी एका स्त्रीच्या ‘कोरड्या तोंडा’ची नोंद केली. तिच्या तोंडात लाळ नव्हती आणि डोळ्यांत अश्रूही नव्हते. एकीकडे फुगलेल्या ग्रंथी, दुसरीकडे आटलेला स्राव. एकाच कोड्याचे दोन तुकडे एकाच वर्षी दोन शहरांत नोंदले गेले, परंतु ते एकमेकांशेजारी ठेवून पाहणारे कोणी नव्हते. शल्यविशारद गाठ पाहत होता आणि भिषग्वर कोरड पाहत होता.

५.
पुढील काही दशकांत ‘मिकुलिच’ हे नाव एखाद्या अडगळीच्या खोलीसारखे झाले. लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी फुगल्या की कारण न शोधता रुग्णावर हीच चिठ्ठी लावली जाई. त्या खोलीत क्षयरोग होता, रक्ताचा कर्करोग होता, लिम्फोमाही होता. १९२७ मध्ये शॅफर आणि जेकबसन यांनी दोन गट वेगळे केले : ज्यांच्या सुजेमागे दुसरा ज्ञात रोग आहे ते, आणि ज्यांच्यामागे असा कोणताही रोग सापडत नाही ते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक गोष्ट टिपावी. जुन्या कागदपत्रांतील रोगाचे नाव म्हणजे रोग नव्हे. एकाच नावाखाली अनेक व्याधी दडलेल्या असतात.

६.
आता स्वीडन. हेन्रिक शोग्रेन (जन्म १८९९) हे स्टॉकहोममध्ये नेत्रवैद्य होते. त्यांच्याकडे डोळ्यांच्या विलक्षण कोरडेपणाची तक्रार घेऊन स्त्रिया येत होत्या. ‘रोझ बंगाल’ नावाचा लाल रंग डोळ्यात घातला की बुबुळावरील आणि श्वेतमंडलावरील इजा झालेला भाग रंगून उठे. अश्रू मोजण्याची युक्ती ऑटो शिर्मर यांनी १९०३ मध्येच दिली होती : टिपकागदाची पट्टी पापणीत अडकवायची आणि ५ मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहायचे. ५ मिलिमीटरही भिजली नाही, तर डोळा कोरडा.

७.
१९३३ मध्ये शोग्रेन यांनी आपला प्रबंध जर्मन भाषेत सादर केला. त्यात १९ रुग्ण होते आणि सर्व स्त्रिया होत्या. त्यांपैकी १३ जणींना सांध्यांचा विकारही होता. डोळे, तोंड आणि सांधे हे एकाच सर्वांगीण आजाराचे अंश आहेत, हा त्यांच्या प्रबंधाचा गाभा. त्याच्या काही वर्षे आधी फ्रान्समध्ये आंरी गूझरो यांनीही कोरडेपणा केवळ डोळ्यापुरता नसल्याचे सांगितले होते. म्हणूनच फ्रेंच वैद्यकात आजही या आजाराला दोघांचे जोडनाव आहे.

८.
प्रबंधाचे स्वागत मात्र कोरडेच झाले. विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळेल इतका दर्जा परीक्षकांनी त्याला दिला नाही. शोग्रेन यांची शैक्षणिक वाट तेथेच अडली आणि १९३६ मध्ये ते योनशोपिंग या गावी नेत्रविभाग सांभाळायला गेले. १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस हॅमिल्टन यांनी प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे जगाचे लक्ष त्याकडे गेले. स्वीडन सरकारने त्यांना प्राध्यापक ही पदवी दिली ती १९६१ साली, म्हणजे प्रबंधानंतर २८ वर्षांनी.

९.
या आजारात नेमके काय घडते? शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथींना परके समजते. रक्तातील लसीका पेशी लाळग्रंथीत आणि अश्रुग्रंथीत शिरतात, नलिकांभोवती घोळके करून बसतात आणि हळूहळू ग्रंथीचे कार्य मंदावते. घरच्या राखणदारानेच घर फोडावे तसा हा प्रकार. अशा रोगांना स्वप्रतिकारक किंवा ऑटोइम्यून रोग म्हणतात. शोग्रेनच्या रुग्णांत दर १० पैकी सुमारे ९ स्त्रिया असतात.

१०.
कथेचे पुढचे वळण सूक्ष्मदर्शकाखाली येते. १९५२ मध्ये अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ जॉन गॉडविन यांनी कानाखालच्या लाळग्रंथीतील अशा सुजेचा अभ्यास केला. लसीका पेशींची गर्दी आणि तिच्यात अडकलेली नलिकांच्या पेशींची बेटे असे ते चित्र होते. या विकाराला त्यांनी दिलेल्या नावातील पहिलेच विशेषण होते ‘सौम्य’. कर्करोग नाही, निश्चिंत असावे, असा त्या शब्दाचा भावार्थ. हे विशेषण वैद्यकीय अहवालांत पुढे दीर्घकाळ वावरले.

११.
पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे मॉर्गन आणि कॅसलमन यांनी मिकुलिच विकार म्हणून नोंदलेल्या १८ रुग्णांचे नमुने तपासले. निष्कर्ष असा की, मिकुलिच यांच्या नावाने ओळखली जाणारी ही सूज आणि शोग्रेन यांचा कोरडेपणा यांचे सूक्ष्मदर्शकाखालील चित्र एकच आहे. १८८८ मध्ये दोन शहरांत पडलेले कोड्याचे तुकडे अखेर ६५ वर्षांनी एका टेबलावर आले.

१२.
पण ‘सौम्य’ हे विशेषण टिकणार होते का? शंकेची पहिली पाल १९५१ मध्येच चुकचुकली होती. त्या वर्षी रोथमन आणि सहकाऱ्यांनी शोग्रेनचा आजार आणि लसीका पेशींची घातक वाढ एकाच रुग्णात असल्याचे नोंदवले. एक रुग्ण म्हणजे योगायोग असू शकतो. वैद्यकात एका प्रकरणावरून नियम ठरत नाही, जसा एका पत्रावरून इतिहास ठरत नाही. त्यासाठी अनेक रुग्णांना अनेक वर्षे डोळ्यांसमोर ठेवणारे कोणी हवे होते.

१३.
ते काम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झाले. बेथेस्डा येथे जोसेफ ब्युनिम आणि त्यांचे तरुण सहकारी नॉर्मन तलाल शोग्रेनच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करत होते. १९६४ मध्ये दोघांनी लिहिले की, या आजाराच्या वाटचालीत काही रुग्णांना लिम्फोमा होतो. पुढे तलाल आणि सहकाऱ्यांनी एक मधली अवस्थाही मांडली. पेशींची वाढ ग्रंथीबाहेर पडली आहे, पण तिला कर्करोग म्हणावे की नाही हे ठरत नाही, अशी ती अवस्था. तिला त्यांनी ‘छद्म लिम्फोमा’ या अर्थाचे नाव दिले. सौम्य आणि घातक यांच्यामध्ये भिंत नसून उतार आहे, ही जाणीव त्या नावात होती.

१४.
निर्णायक आकडा १९७८ साली आला. कसान आणि सहकाऱ्यांनी याच संस्थेतील १३६ स्त्रियांची सरासरी सुमारे ८ वर्षांची माहिती तपासली. त्यांपैकी ७ जणींना लिम्फोमा झाला होता. सात ही संख्या लहान वाटेल. परंतु त्याच वयाच्या सर्वसाधारण स्त्रियांत तितक्या काळात अपेक्षित प्रकरणे होती केवळ ०.१६. म्हणजे धोका सुमारे ४४ पट. कानाखालची ग्रंथी फुगलेल्या रुग्णांत तो आणखी अधिक होता. पूर्वी अल्प मात्रेचे किरणोपचार घेतलेल्यांतही तो वाढलेला आढळला. सूज उतरावी म्हणून अशा ग्रंथींना किरण देण्याची पद्धत त्या काळी होती.

१५.
येथे ‘अपेक्षित’ या शब्दाचे मोल ओळखायला हवे. किती लोकांना कर्करोग होतो याची नोंद समाजाने आधीच ठेवलेली असेल, तरच ‘४४ पट’ असे विधान करता येते. महाराष्ट्राचा दुवा येथे जुळतो. भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली, ती डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने. पेशव्यांच्या दफ्तराशिवाय जसा अठराव्या शतकाचा हिशेब लागत नाही, तसा अशा नोंदवह्यांशिवाय रोगाचा हिशेब लागत नाही.

१६.
त्याआधीचे मुंबईतील नाव म्हणजे वसंत रामजी खानोलकर (जन्म १८९५). गोमंतकीय मराठी कुटुंबातील हे विकृतिशास्त्रज्ञ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळेची घडी खानोलकरांनी बसवली. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाईंसह लोकांच्या राहणीशी जडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला. कमरेवर धोतराची गाठ वर्षानुवर्षे काचते त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध नोंद. यंत्रणा वेगळी असली, तरी सूत्र ओळखीचे आहे : दीर्घकाळ धुमसत राहिलेली ऊती कधीकधी वाट चुकते.

१७.
लाळग्रंथीच्या बाबतीत ही वाट कशी चुकते, याचे उत्तर १९८३ मध्ये इंग्लंडमधून आले. पीटर आयझॅकसन आणि डेनिस राइट यांनी ‘माल्ट लिम्फोमा’ ही कल्पना मांडली. जठर किंवा लाळग्रंथी या अवयवांत मुळात संघटित लसीका ऊती नसते. दीर्घ दाहामुळे ती तेथे नव्याने वसते. या परक्या वस्तीतील बी पेशींना सतत चेतना मिळत राहते आणि त्या पुन्हा पुन्हा विभागतात. विभाजनात जनुकीय चुका साचतात. एके दिवशी एकाच पेशीची संतती बाकीच्यांना मागे सारून वाढू लागते. तो लिम्फोमा.

१८.
या कल्पनेचा पुरावा जठरात मिळाला. तेथील दाह ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जीवाणूमुळे होतो. १९९३ मध्ये वॉदरस्पून, आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, प्रतिजैविकांनी जीवाणू हटवला की काही रुग्णांतील लिम्फोमाही ओसरतो. चेतना थांबली की वाढ थांबते. शोग्रेनमध्ये मात्र चेतना देणारा शत्रू बाहेरचा नाही. शरीर स्वतःवरच चालून गेलेले असल्याने हटवायचे कोणाला, हा प्रश्न उरतो.

१९.
आता ‘सौम्य’ या शब्दाकडे पुन्हा वळावे. पूर्वी सौम्य म्हणून बाजूला ठेवलेल्या गाठींपैकी काही नमुने नव्या कसोट्यांवर तपासले, तेव्हा ते प्रारंभापासूनच मंदगती लिम्फोमा असल्याचे आढळले. गॉडविन यांनी चूक केली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९५२ मध्ये पेशींचे कूळ ओळखण्याची साधनेच नव्हती. मात्र एकदा छापलेले विशेषण साधने बदलली तरी लवकर बदलत नाही, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. ज्या गाठीला सौम्य म्हटले, तिची पुढची तपासणी लांबते.

२०.
उलट बाजूही न्यायाने सांगायला हवी. ४४ पट हा आकडा भीतिदायक असला, तरी तो एका मोठ्या केंद्रात पोहोचलेल्या, बहुधा अधिक गंभीर रुग्णांचा होता. २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर हा धोका सुमारे १९ पट निघाला. शोग्रेनच्या दर १०० रुग्णांपैकी साधारण ५ जणांना आयुष्यात लिम्फोमा होतो, म्हणजे बहुसंख्यांना तो कधीच होत नाही. शिवाय लाळग्रंथीतील माल्ट लिम्फोमा सहसा मंदगती असतो. काही रुग्णांत तर उपचार न करता केवळ लक्ष ठेवले जाते.

२१.
लक्ष कशावर ठेवायचे, हेही इतिहासानेच शिकवले. कानाखालची सूज येते-जाते न राहता कायमची ठाण मांडून बसणे, ती एका बाजूला कठीण होणे, पायांवर जांभळट पुरळ उठणे, मान किंवा काखेतील गाठी वाढणे, रक्तातील सी-४ हे प्रथिन घटणे. लहान मुलांचे गालगुंड काही दिवसांत उतरते. प्रौढ माणसाच्या कोरड्या तोंडासोबतची, महिनोन्‌महिने न उतरणारी सूज मात्र डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय सौम्य की घातक हे ठरत नाही.

२२.
निदानाचे एक साधन तर अगदी साधे आहे. १९६८ मध्ये चिझम आणि मेसन यांनी खालच्या ओठाच्या आतील बारीक लाळग्रंथी तपासण्याची प्रतवारी दिली. ४ चौरस मिलिमीटर जागेत ५० किंवा अधिक लसीका पेशींचा घोळका दिसला की तो एक ‘फोकस’ धरतात. त्यासाठी छोटासा तुकडा पुरतो. मात्र तो घ्यायचा, हे सुचण्यासाठी डोळे, दात आणि सांधे या तक्रारी कोणीतरी एकत्र ऐकाव्या लागतात.

२३.
या इतिहासाला एक उपकथाही आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जपानी संशोधकांनी दाखवले की, मिकुलिच यांच्या शेतकऱ्यासारखी सूज असलेल्या अनेक रुग्णांचा आजार शोग्रेन नसून ‘आयजीजी-४’ या प्रतिपिंडाशी निगडित असा वेगळाच विकार आहे. १९५३ मध्ये एक केलेले दोन रोग अर्ध्या शतकाने पुन्हा अंशतः विभागले गेले. इतिहासात अंतिम निकाल विरळाच लागतो. नवे साधन हाती आले की जुना पुरावा पुन्हा बोलू लागतो.

२४.
आता पुन्हा पनवेल तालुका. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये परळला उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन केंद्राची परंपरा २००२ मध्ये खारघरला आली आणि ‘ॲक्ट्रेक’ साकारले. ४ जून २०२१ रोजी भारतातील पहिली ‘कार-टी’ पेशी उपचारपद्धती तेथेच वापरली गेली. रुग्णाच्या टी पेशी काढायच्या, त्यांना बी पेशींवरील सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवायचे आणि परत शरीरात सोडायचे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून घडवलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. इतर उपचारांना न जुमानणाऱ्या, बी पेशींच्या कर्करोगांसाठी तो आहे.

२५.
त्याच २०२१ साली जर्मनीतील एर्लांगेन येथे गेओर्ग शेट आणि सहकाऱ्यांनी सीडी-१९ रोखून धरणाऱ्या कार-टी पेशी ल्यूपस या स्वप्रतिकारक रोगाच्या रुग्णावर वापरल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढील वर्षी आणखी रुग्णांचे आश्वासक निष्कर्ष आले. कर्करोगासाठी घडवलेले शस्त्र स्वप्रतिकारक रोगावर चालले, कारण दोन्हींच्या मुळाशी तीच भरकटलेली बी पेशी होती. ब्युनिम आणि तलाल यांनी १९६४ मध्ये रुग्णांच्या नोंदींत पाहिलेले नाते आता उपचारातही उमटू लागले आहे.

२६.
शेवटी एक गोष्ट. या थ्रेडमध्ये वैद्यांची नावे अनेक आली, रुग्णांचे नाव एकही नाही. शोग्रेन यांच्या १९ स्त्रिया आणि बेथेस्डाच्या १३६ स्त्रिया इतिहासात केवळ संख्या म्हणून उरल्या. अपवाद अर्धामुर्धा. या आजाराच्या तपासणीत आजही ‘रो’ आणि ‘ला’ अशी दोन प्रतिपिंडे मोजतात. ती अक्षरे ज्यांच्या रक्तात ती प्रथम सापडली, त्या रुग्णांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. पनवेलच्या एखाद्या प्रयोगशाळेतील अहवालावर ‘रो’ छापले जाते, तेव्हा एका अनोळखी माणसाच्या नावाचा तुकडा तेवढा तेथे जिवंत राहतो.

२७.
१८८८ ते १९७८ या ९० वर्षांत बुद्धिमान माणसांची वाण नव्हती. वाण होती ती एका रुग्णाच्या सगळ्या तक्रारी एका जागी ऐकण्याची आणि ती ऐकलेली गोष्ट वर्षानुवर्षे लिहून ठेवण्याची. भाकरीचा घास अडतो, ही तक्रार क्षुल्लक मानली की इतिहास थांबतो. ती वहीत उतरली की पुढे सरकतो.

थ्रेड समाप्त.